गालिच्यावर पेय सांडलं तर: पहिल्या मिनिटापासून पूर्ण वाळेपर्यंत

गालिचा आत्ता ओला असेल तर पुढचं वाचण्याआधी एक काम उरका. कोरडा, पांढरा सुती टॉवेल घडी करून डागावर ठेवा आणि त्यावर दोन्ही पायांनी उभे राहा. अर्धा मिनिट. मग घडी बदला, कोरडी बाजू खाली घ्या आणि पुन्हा उभे राहा. टॉवेलवर ओल उमटायची थांबेपर्यंत हेच करा. मग निवांत बसून पुढचं वाचा.

चहा असो, कॉफी असो, वाइन असो की सरबत, पेय म्हणजे मुख्यतः पाणीच. रंग त्या पाण्यात विरघळलेला असतो. पाणी जोवर गालिच्यात आहे तोवर रंग त्याच्याबरोबर हलतो, आणि पाणी बाहेर काढलं की रंगही बाहेर येतो. पाणी उडून गेलं की मात्र रंग आणि साखर मागे राहतात आणि धाग्याला धरून बसतात. त्यामुळे डाग काढायचा म्हणजे काहीतरी जालीम ओतायचं असं नाही. आत गेलेलं परत बाहेर काढायचं. पुढे साबण येईल, व्हिनेगर येईल, पेरॉक्साइड येईल, पण नियम एकच राहील: जे आत घातलं ते टिपून बाहेर आलं पाहिजे. साबणसुद्धा.

सांडलं की हात आपोआप फडक्याकडे जातो आणि गोल गोल घासायला लागतो. तो हात आवरा. गालिच्याची लव म्हणजे पीळ दिलेल्या धाग्यांची उभी टोकं. ओल्या अवस्थेत घासलं की पीळ सुटतो, टोकं पिंजली जातात आणि डाग निघून गेल्यावरही ती जागा पांढुरकी, फुगीर दिसत राहते. डाग धुता येतो, सुटलेला पीळ परत घालता येत नाही. शिवाय घासल्याने रंग बाजूला पसरतो तो वेगळाच. म्हणून टिपायचं, दाबायचं, घासायचं नाही. पेय जास्त सांडून वर तळं साचलं असेल तर आधी चमच्याने, कडेकडून मधे येत, भरून घ्या आणि मग टॉवेल ठेवा. टॉवेल किंवा कागदी रुमाल रंगीत किंवा छापील नको, त्याचा रंग ओल्या गालिच्याला लागू शकतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: गालिच्याला पाठ असते. जमिनीला चिकटवलेल्या कार्पेटसारखा तो अडकलेला नसतो, उचलता येतो. कोपरा उचलून खाली बघा. ओल पाठीपर्यंत पोचली असेल तर डागाच्या बरोबर खाली दुसरा टॉवेल सरकवा आणि वरून दाबा, म्हणजे दोन्हीकडून शोषलं जाईल. फरशी किंवा लाकडी जमीन पुसून कोरडी करा. गालिच्याखाली घसरू नये म्हणून रबरी जाळी घातली असेल तर ती काढून वेगळी वाळवा.

गालिचा कशाचा आहे?

कोरडं टिपून झालं की घाई संपली. आता पाच मिनिटं यावर घालवा, कारण नायलॉनला जे चालतं ते लोकरीचा नाश करू शकतं. पाठीवर लेबल असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कोपऱ्यातल्या लवेतून, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणाहून, दोन-चार तंतू चिमट्याने ओढून घ्या. गालिच्यापासून लांब, बेसिनवर, चिमट्यात धरूनच ते ज्योतीजवळ न्या. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा कण बोटात चुरडतो. सूत, ताग, व्हिस्कोज यांना कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन जळण्याआधी वितळतात आणि कडक मणी मागे ठेवतात.

व्हिस्कोजबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गालिचे त्याच्या अज्ञानामुळे बिघडताना मी पाहिलेत. हा दिसतो रेशमासारखा, चमकतो, हाताला गार आणि मऊ लागतो, आणि विकला जातो ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. ओळखायची सोपी खूण आहे: एक धागा पाण्यात भिजवून ओढा. सूत ओलं झाल्यावर उलट अधिक बळकट होतं. व्हिस्कोज चटकन तुटतं. माझ्या एका मैत्रिणीकडे रेशमी म्हणून घेतलेला गालिचा होता. त्यावर नुसतं पाणी सांडलं. कसला रंग नाही, साखर नाही. वाळल्यावर तिथे पिवळसर कडा असलेलं वर्तुळ उमटलं आणि लव आडवी, ताठ झाली, जणू कुणी बोट फिरवून तिला खळ लावली आहे. तेव्हा गालिचा व्हिस्कोजचा निघाला तर कोरडं टिपा, पंख्याखाली वाळवा आणि जाणकाराला बोलवा. घरी धुवायच्या फंदात पडू नका. खऱ्या रेशमाला आणि जुन्या, हाताने विणलेल्या मौल्यवान गालिच्यालाही हाच सल्ला.

लोकर मात्र घाबरण्यासारखी नाही. लोकरीच्या तंतूवर नैसर्गिक स्निग्ध थर असतो, त्यामुळे सांडलेलं पेय सुरुवातीला थोडा वेळ वरच मण्यांसारखं थांबतं. तेवढ्यात टिपलं तर कित्येकदा पुढचं काही करावं लागत नाही. लोकरीचं वावडं तीन गोष्टींशी: जास्त उष्णता, सोड्यासारखे अल्कली पदार्थ आणि ब्लीच. क्लोरीन ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. कपड्यांची ‘एन्झाइम’वाली पावडरही तिला नको, कारण त्यातली काही एन्झाइम्स प्रथिनं तोडण्यासाठीच घातलेली असतात आणि लोकर स्वतः प्रथिनच आहे.

कृत्रिम धाग्यांत पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात सोपं. त्याचा रंग धागा बनतानाच आत मिसळलेला असतो, आणि तो धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही; डाग वरच राहतो. नायलॉनचं तसं नाही. तो रंग स्वतःत घेतो, त्यामुळे रंगीत सरबताचा डाग त्याच्यावर हट्टी होतो. तागाचा गालिचा असेल तर पाणी अगदी बेताने वापरा. ताग भिजला की त्याच्यातलाच तपकिरी रंग वर येतो आणि मूळ डागापेक्षा मोठा नवा डाग तयार होतो.

आता रंगाची चाचणी. जे काही लावणार असाल ते आधी गालिच्याच्या आडबाजूच्या कोपऱ्यावर, जमेल तर त्यातल्या सगळ्यात गडद रंगावर, चार थेंब लावा. वर पांढरं ओलसर फडकं दाबून १० मिनिटं ठेवा. फडक्याला गालिच्याचा रंग लागला तर ते द्रावण वापरायचं नाही. लाल आणि निळ्या रंगांवर विशेष लक्ष ठेवा.

काय काय लागेल

पांढरे सुती टॉवेल किंवा जुन्या पांढऱ्या बनियनचे तुकडे, जितके जास्त तितके चांगले. फवारणीची बाटली. आणि तीन द्रावणं:

साबणाचं पाणी: एक कप, म्हणजे २५० मिली कोमट पाण्यात भांडी घासायचं रंगहीन लिक्विड पाव छोटा चमचा. पाव म्हणजे पावच. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ हा समज इथे उलटा पडतो, कारण धाग्यात राहिलेला साबण चिकट असतो आणि येणारी-जाणारी धूळ धरतो. महिन्याभराने ‘डाग परत आला’ अशी जी तक्रार असते, त्यातले कित्येक डाग पेयाचे नसतात, साबणावर बसलेल्या मळाचे असतात.

व्हिनेगरचं पाणी: एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. रंगीत व्हिनेगर नको. आणि खाली संगमरवर असेल तर गालिचा तिथून उचलून दुसरीकडे न्या. आम्लाने संगमरवराची चकाकी जाते.

हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्के. हे फक्त फिकट रंगाच्या कृत्रिम धाग्यासाठी, आणि सगळ्यात शेवटी.

कपडे धुण्याची पावडर या यादीत मुद्दाम नाही. ती अल्कली असते, आणि बऱ्याच पावडरींत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चकाकी आणणारे पदार्थ असतात. ते धाग्यात बसले की गालिच्यावर एकच जागा वेगळी उजळ दिसत राहते.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी घातक वायू तयार होतो. ब्लीच या कामात आणूच नका. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडही एका बाटलीत मिसळू नका. एक वापरलं की पाण्याने धुऊन, टिपून, मगच दुसरं.

प्रत्यक्ष काम

समजा, मधल्या आकाराच्या लोकरी गालिच्यावर अर्धा कप काळी कॉफी सांडली आहे आणि तुम्ही ती कोरड्या टॉवेलने टिपून घेतली आहे. तळहाताएवढा फिकट तपकिरी डाग उरला आहे.

आधी साधं पाणी. डागावर दोन-तीन मोठे चमचे पाणी शिंपडा, ओतू नका. अर्धा मिनिट थांबा आणि टॉवेल दाबा. टॉवेल उचलून त्यावरचा ठसा बघा: गालिच्यावरच्या डागाचं फिकट चित्र तिथे उमटलेलं असेल. कोरडी घडी घ्या, पुन्हा पाणी, पुन्हा दाब. दुसरा ठसा पहिल्यापेक्षा फिकट असेल, तिसरा आणखी. हे ठसे म्हणजे तुमचं मोजमाप आहे. जोवर प्रत्येक ठशात रंग येतोय तोवर पाणी काम करतंय आणि दुसरं काही लावायची गरज नाही. लोक इथे अधीर होतात आणि दोन वेळा टिपून साबणाकडे वळतात. मी सात-आठ वेळासुद्धा नुसत्या पाण्यानेच टिपते.

ठशात रंग यायचा थांबला आणि गालिच्यावर मात्र अजून दिसतोय, मग साबणाचं पाणी. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे ठोके देत या. मधून सुरुवात केली तर रंग बाहेर ढकलला जातो आणि वर्तुळ वाढतं. पाच मिनिटं राहू द्या. कोरड्या टॉवेलने टिपा. आता साध्या पाण्याने साबण काढा: शिंपडा, टिपा, शिंपडा, टिपा. ओल्या जागी दोन बोटं घासून बघा, बुळबुळीत लागली तर साबण आहे. टॉवेलवर फेस येतोय तोवर थांबायचं नाही. या टप्प्याला साबण लावण्याच्या तिप्पट वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

तरीही तपकिरी झाक राहिली तर व्हिनेगरचं पाणी. त्याच पद्धतीने, कडेकडून आत. १० मिनिटं थांबा, टिपा, पाण्याने धुवा, टिपा. वास येईल, वाळला की तो जातो.

छोटा गालिचा असेल आणि पाठीला रबराचा थर नसेल तर याहून सरस पद्धत आहे. जाड टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर गालिचा उलटा, म्हणजे लव खाली करून ठेवा. आता पाठीच्या बाजूने, डागाच्या जागी, चमच्या-चमच्याने पाणी घाला आणि दाबा. वरून आत शिरलेला रंग आल्या वाटेने परत खालच्या टॉवेलात उतरतो. वरून टिपताना आपण तो मुळातून खेचून काढत असतो. इथे पाणीच त्याला बाहेर ढकलतं.

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम असेल तर टिपण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वापरा, टॉवेलपेक्षा तो खोलवरून ओढतो. साधा घरगुती व्हॅक्युम मात्र ओल्या गालिच्यावर चालवू नका, विजेचा धक्का बसू शकतो.

कोणत्या पेयाला काय

चहा आणि कॉफी यांचा रंग टॅनिनसारख्या द्रव्यांचा. त्यांचा स्वभाव समजून घ्यायचा तर स्वयंपाकघरातच एक प्रयोग करा. दोन कपांत दुधाशिवायचा चहा घ्या. एकात लिंबू पिळा: रंग लगेच उजळतो. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका: चहा गडद, लालसर काळपट होतो. गालिच्यावरही हेच घडतं. म्हणून चहाच्या डागावर व्हिनेगर चालतं आणि सोडा डाग वाढवतो. टॅनिनचं लोखंडाशीही वैर आहे. दोघं भेटले की शाईसारखा काळा रंग बनतो. गंजलेली बादली किंवा लोखंडी वजन या कामात नको.

दूध घातलेला चहा, कॉफी, कोको, नुसतं दूध: इथे रंगापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश महत्त्वाचे. पाणी गारच घ्या. गरम पाण्याने दुधातली काही प्रथिनं गोठतात आणि धाग्यात अडकतात. गार पाण्यानंतर साबण हवाच, कारण तूपकट भाग नुसत्या पाण्याने सुटत नाही. व्हिनेगर या डागांवर साबण पूर्ण निघाल्यावरच, आधी लावलं तर दूध फाटून धाग्यात बसतं. दूध सांडल्यावर डाग दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. आत राहिलेलं दूध दोन दिवसांनी वास मारायला लागतं आणि तो वास डागापेक्षा चिवट असतो. गालिचा कृत्रिम धाग्याचा असेल तर एन्झाइमवालं द्रव क्लीनर इथे खरंच उपयोगी पडतं. लोकरीवर आणि रेशमावर नाही.

रेड वाइन आणि जांभळ्या-लाल फळांचे रस यांच्यात अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आम्लात ती लाल असतात, अल्कलीत निळी-हिरवट होतात. साबणाचं पाणी लावल्यावर डाग अचानक निळा झाला तर घाबरू नका, डाग वाढलेला नाही, रंग बदललाय. व्हिनेगरचं पाणी लावलं की तो पुन्हा लालसर होतो आणि टिपता येतो. म्हणूनच या डागांवर मी साध्या पाण्यानंतर आधी व्हिनेगर घेते, साबण नंतर. फिकट कृत्रिम गालिच्यावर शेवटी गुलाबी छटा उरली तर पेरॉक्साइडचे थेंब टाका, अर्धा तास थांबा, बघा, हवं तर पुन्हा एकदा. मग धुऊन टिपा. हातमोजे घाला. गडद गालिच्यावर पेरॉक्साइड डागाबरोबर गालिच्याचाही रंग उडवतं.

लाल, नारिंगी, निळी कृत्रिम रंगाची सरबतं आणि ‘एनर्जी’ पेयं हा सगळ्यात कठीण वर्ग. खाद्यरंग आणि लोकर-नायलॉन रंगवायचे रंग हे रसायनांच्या एकाच कुळातले. पेयातलं आम्ल त्यांना मदत करतं, म्हणजे पेय सांडतं तेव्हा गालिचा खरोखरच रंगवला जात असतो. इथे उष्णता हा शत्रू. गरम पाणी, वाफ, इस्त्री, हेअर ड्रायर काहीच नाही. आणि व्हिनेगरही नाही, कारण आम्लाने असा रंग धाग्यात आणखी पक्का बसतो. गार पाणी आणि साबणाचं पाणी, तेही पुन्हा पुन्हा. तासाभराने प्रगती थांबली तर थांबा. सफाई व्यावसायिकांकडे असे रंग तोडणारी वेगळी रसायनं असतात, ती घरी वापरण्यासारखी नाहीत.

कोला दिसतो भयंकर, निघतो सहज. त्याचा रंग कॅरॅमलचा, आणि तो पाण्यात छान विरघळतो. अडचण साखरेची. २५० मिली कोलात २५ ग्रॅमहून थोडी जास्तच साखर असते. ती राहिली की जागा चिकट होते, धूळ धरते, मुंग्या येतात. तेव्हा डाग दिसेनासा झाल्यावरही कोमट पाण्याच्या चार-पाच फेऱ्या करा.

लिंबू सरबत, पांढरी वाइन, बिअर, सोडा असलेली रंगहीन पेयं: यांचा डाग लगेच दिसत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. काही आठवड्यांनी तिथे पिवळट-तपकिरी ठिपका उगवतो आणि घरात कुणालाच आठवत नाही काय सांडलं होतं. ती राहिलेली साखर हवेने तपकिरी झालेली असते. रंगहीन पेयालाही रंगीत पेयाइतकंच पाणी द्या.

वाळवणं

या टप्प्यावर मी स्वतः फसले आहे, म्हणून सविस्तर सांगते. लोकरी गालिच्यावरचा कॉफीचा डाग मी तासभर बसून काढला होता. संध्याकाळी जागा स्वच्छ, एकसारखी. सकाळी तिथे तपकिरी कडा असलेलं वर्तुळ, मूळ डागापेक्षा मोठं. मी काढली होती ती लवेतली कॉफी. बुडाशी, विणीच्या दोऱ्यांत शिरलेली तशीच होती. गालिचा वाळताना पाणी वरच्या टोकांवरून उडतं, आणि खालचं पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं धाग्यातून वर चढतं. येताना रंग घेऊन येतं, टोकाला सोडून उडून जातं.

त्याची उपाययोजना तेवढीच सोपी. शेवटचं टिपून झालं की कोरडा पांढरा टॉवेल चार पदरी करून जागेवर ठेवा, डागाच्या कडेबाहेर चार बोटं येईल एवढा. त्यावर प्लास्टिकचा कागद. त्यावर चार-पाच किलो वजन: पुस्तकांची चळत, पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. रात्रभर राहू द्या, मधे एकदा टॉवेल बदला. वर चढणारं पाणी आता लवेच्या टोकावर न थांबता टॉवेलात जाईल. सकाळी टॉवेल उलटून बघा, त्यावर बहुधा पिवळट गोल उमटलेला असतो. तो गालिच्यावर उमटला असता.

त्यानंतर दोन्ही बाजूंनी हवा. गालिचा दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाका किंवा खाली काहीतरी ठेवून जमिनीपासून उचला, आणि पंखा लावा. २४ तासांच्या आत पाठीसकट कोरडा झाला पाहिजे. त्यापुढे दमट राहिला तर बुरशीचा धोका आहे. कडक उन्हात टाकू नका, रंग उडतो. ओल्या गालिच्यावर लाकडी किंवा लोखंडी पाय असलेलं फर्निचर परत ठेवू नका; लाकडाचा रंग आणि लोखंडाचा गंज उतरतो, आणि गंजाचा डाग वेगळीच डोकेदुखी आहे. ठेवावंच लागलं तर पायांखाली प्लास्टिकचे तुकडे द्या.

एवढं करूनही वर्तुळ उमटलं तर पुन्हा पहिल्यापासून नको. फडकं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, लवेची फक्त टोकं पुसल्यासारखी टिपा, आणि पंख्याखाली लवकर वाळवा.

जुना, वाळलेला डाग

वाळलेला डाग म्हणजे पाणी गेलेलं आणि रंग राहिलेला, तेव्हा आधी पाणी परत द्यायचं. आधी व्हॅक्युमने किंवा मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, नाहीतर पाण्याबरोबर तिचा चिखल होईल. मग कोमट पाण्यात भिजवून हलकं पिळलेलं फडकं डागावर ठेवा, वर प्लास्टिक झाका, अर्धा तास थांबा. साखर आणि रंग सैल होतात. दुधाच्या डागाला पाणी गार ठेवा आणि वेळ दुप्पट. मग वर सांगितलेला सगळा क्रम. जुना डाग एका बैठकीत निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. वाळवून, दोन दिवसांनी दुसरी फेरी करणं हे एकाच दिवशी गालिचा भिजवून टाकण्यापेक्षा बरं.

जे उपाय मी करत नाही

मीठ. थोडं पाणी ओढून घेतं हे खरं, पण तेवढं टॉवेल जास्त चांगलं ओढतो, आणि लवेत राहिलेलं मीठ दमट हवेत ओलावा धरत बसतं. रेड वाइनवर व्हाइट वाइन: ती नुसती पातळ करते, आणि ते काम पाणी करतं, साखर न घालता. सोडा आणि व्हिनेगर एकत्र: फेस बघायला छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरतं ते क्षार मिसळलेलं पाणी. सोडा वॉटरचं काम साध्या पाण्याइतकंच आहे, घरात हाताशी असेल तर जरूर वापरा. डागावर फडकं ठेवून इस्त्री फिरवायचा उपाय मात्र धोक्याचा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि बाकीच्या धाग्यांत उष्णतेने डाग पक्का बसतो.

हात कधी थांबवावा

टिपलेल्या टॉवेलवर गालिच्याचा स्वतःचा रंग यायला लागला, पाठीचा थर सुटायला लागला, किंवा दोन फेऱ्यांत काहीच फरक पडला नाही, तर तिथेच थांबा, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपा आणि वाळवा. मग गालिचा व्यावसायिक धुलाईला देताना एका चिठ्ठीवर लिहून द्या: काय सांडलं, कधी सांडलं, गालिचा कशाचा आहे आणि त्यावर काय काय लावलं. पेरॉक्साइड लावलं असेल तर तेही. लाज वाटून काही लपवू नका. आधी काय लावलंय हे माहीत नसलं तर त्यांना चुकीचं रसायन वापरण्याचा धोका राहतो.

घरीच डाग निघाला असेल तर गालिचा पूर्ण वाळल्यावर एकच काम उरतं. दाबून दाबून लव आडवी पडलेली असते. मऊ ब्रश किंवा नुसती बोटं घेऊन आधी लवेच्या विरुद्ध दिशेने आणि मग तिच्या दिशेने हलके फिरवा. धागे उभे राहतात आणि जागा आजूबाजूच्या गालिच्यात मिसळून जाते.